काळे जनावर, अंधारे रान आणि एक तास : गोव्याहून गोरिलांच्या छायाचित्रणाला जाताना

पर्वतीय गोरिलांची छायाचित्रे काढायला निघालेल्या माणसाला लोक पहिला प्रश्न विचारतात तो लेन्सचा आणि दुसरा खर्चाचा. खरी अडचण मात्र या दोन्हींच्या आधी उभी असते. अंगभर काळे केस, काळीच त्वचा आणि कपाळाच्या पुढे आलेल्या हाडाखाली खोल गेलेले तपकिरी डोळे असलेला हा प्राणी दाट, ओल्या सावलीत बसलेला असतो, पानांच्या फटींतून त्याच्यावर उन्हाचे कवडसे पडत असतात, आणि त्याच्या सान्निध्यात थांबायला परवानगी असते ती फक्त एका तासाची. कॅमेऱ्याचे स्वयंचलित प्रकाशमापन काळ्या रंगाला राखाडी करू पाहते, फोकस त्या काळ्या चेहऱ्यावर न टिकता पुढच्या पानावर जाऊन बसतो, आणि चढण चढून धाप लागलेल्या हातांत कॅमेरा स्थिर राहत नाही. हे प्रश्न त्या तासात सोडवत बसणे कोणालाही परवडणारे नाही. ते घरीच सोडवून जावे लागते, आणि त्यासाठी गोव्यासारखी जागा शोधून सापडणार नाही.

सराव कुळागरात आणि रानात

फोंडा, सत्तरी किंवा सांगे तालुक्यातल्या कोणत्याही जुन्या कुळागरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागायतीत, दुपारी उभे राहून वर पाहिले, तर माडा-पोफळींच्या झावळ्यांतून येणारा प्रकाश आफ्रिकेतल्या त्या रानातल्या प्रकाशाच्या बराच जवळ जाणारा आहे असे दिसेल. खाली मिरवेलींची आणि केळीच्या पानांची हिरवी सावली, मध्येच डोळे दिपवणारा एखादा कवडसा, आणि सगळीकडे ओलावा. अशा ठिकाणी मालकाच्या परवानगीने बांधलेली एखादी म्हैस मिळाली, तर गोरिलाच्या सरावासाठी तिच्याइतके सोयीचे जनावर दुसरे नाही. तिचे अंग काळे, त्यावर ओलसर चमक, डोळे गडद. शिवाय ती तासन्‌तास एका जागी बसून राहते.

म्हशीपासून टेपने मोजून दहा मीटरवर उभे राहावे आणि ते अंतर डोळ्यांत भरवून घ्यावे, कारण गोरिलांपासूनही साधारण तेवढेच दूर राहायचे असते. मग कॅमेऱ्याचे प्रकाशमापन नेहमीच्या सरासरी पद्धतीवर ठेवून तीन प्रकारच्या चौकटी टिपाव्यात. पहिल्या प्रकारात जवळजवळ सगळी चौकट काळ्या अंगाने भरलेली असावी, दुसऱ्यात अर्धे अंग आणि अर्धी हिरवाई असावी, आणि तिसऱ्यात जनावराच्या मागे आकाशाचा उजळ तुकडा यावा. पहिल्या चौकटीत कॅमेरा काळ्याला उगाच उजळ करील, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला प्रकाश हाताने कमी-जास्त करण्याची सोय, उणे एक-तृतीयांश ते उणे एक स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) न्यावी लागेल. दुसरीत बहुधा हात लावावा लागणार नाही. तिसरीत मात्र उलट अधिकच्या बाजूला, कधी एक ते दीड स्टॉपपर्यंत जावे लागेल, नाहीतर जनावराची नुसती काळी आकृती हाती लागेल. नेमके आकडे प्रत्येक कॅमेऱ्याचे वेगळे असतात. आपल्या कॅमेऱ्याचे आकडे शोधून ते बोटांच्या सवयीचे करणे हाच या सरावाचा हेतू आहे.

इथे हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातले गडद भाग डावीकडे आणि उजळ भाग उजवीकडे दाखवणारा आलेख, वाचायची सवय लावून घ्यावी. काळ्या केसांचा उंचवटा डाव्या बाजूला असायलाच हवा, पण तो डाव्या भिंतीला चिकटून कापला जाता कामा नये. पडद्यावरचे चित्र सावलीत नेहमी प्रत्यक्षाहून उजळ भासते, म्हणून त्यावर विसंबू नये. ‘आता गडद टिपू, घरी संगणकावर उजळवू’ हा विचार काळ्या प्राण्याच्या बाबतीत विशेष महागात पडतो, कारण चढ्या आयएसओवर (म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनक्षमता वाढवून) टिपलेल्या काळ्या भागाला नंतर वर उचलले की त्यातून रंगीत दाणे बाहेर पडतात आणि केसांचा पोत नाहीसा होतो.

म्हशीनंतर वांदरांकडे वळावे. गोव्याच्या रानातला वांदर राखाडी-बदामी अंगाचा असला तरी त्याचा चेहरा काळाकुळकुळीत असतो, आणि त्या चेहऱ्यातला डोळा पकडणे ही फोकसची उत्तम परीक्षा आहे. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांची डोळा ओळखणारी यंत्रणा पुष्कळदा काळ्या चेहऱ्यावर गोंधळते, पुढे फांदी आली तर अधिकच. अशा वेळी एका बिंदूचा फोकस निवडून तो दोन डोळ्यांमध्ये, नाकाच्या वरच्या कडेवर ठेवावा, कारण तिथे सुरकुत्यांमुळे यंत्रणेला धरायला थोडा तरी फरक मिळतो. मोले, नेत्रावळी, खोतीगाव किंवा बोंडला यांपैकी कोणत्याही अभयारण्यात वन खात्याचे नियम पाळून व कॅमेऱ्याचे शुल्क भरून हा सराव करता येतो. बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात गवेही आहेत. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी असून मोठ्या नराचा काळा देह सावलीत टिपणे म्हणजे प्रकाशमापनाची पुढची इयत्ता होय. अनमोड घाटात गाड्यांमधून फेकलेल्या खाऊच्या आशेने रस्त्याकडेला बसलेली खेती, म्हणजे लाल तोंडाची माकडे, मात्र या कामाची नाहीत. माणसाकडे खाण्यासाठी येणाऱ्या माकडाचे वागणे बदललेले असते, आणि रानातल्या कळपाची दुपारची लय त्याच्याकडून शिकता येत नाही. वांदरांची टोळी दुपारी विसावली की मोठी जनावरे पेंगतात आणि पिल्ले खेळायला सुटतात, ही लय ध्यानात ठेवावी. गोरिलांच्या कुटुंबातही ती तशीच दिसेल.

आणखी एक सराव शरीराचा. पारोड्याच्या चंद्रनाथ पर्वतासारखी चढण कॅमेरा पाठीवर घेऊन न थांबता चढावी आणि वर पोचताक्षणी, धाप ओसरण्याची वाट न पाहता, १/१२५ सेकंदाला दहा-पंधरा छायाचित्रे टिपून पाहावीत. त्यांतली किती स्थिर आली यावरून आपल्याला शटरची कोणती गती झेपते ते कळते. ज्या उंचीवर गोरिला भेटतात, ती गोव्यातल्या कोणत्याही डोंगरमाथ्याहून अधिक असू शकते, तेव्हा तिथे हात याहून स्थिर असतील असे धरून चालू नये.

कुठे जावे, केव्हा जावे

पर्वतीय गोरिला जगात दोनच ठिकाणी उरले आहेत. रवांडा, युगांडा आणि काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक यांच्या सीमेवरची विरुंगा ज्वालामुखींची रांग हे एक, आणि नैर्ऋत्य युगांडातले ब्विंडी हे दुसरे. विरुंगातल्या २०१५-१६च्या गणनेत ६०४ आणि ब्विंडी व त्याला लागून असलेल्या साराम्ब्वे क्षेत्रातल्या २०१८च्या गणनेत ४५९ असे मिळून १,०६३ गोरिला नोंदले गेले. त्यांची संख्या सावकाश वाढत गेल्यामुळे २०१८ मध्ये त्यांना ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणण्यात आले. या काँगोच्या पूर्व भागातली अशांतता पाहता छायाचित्रकाराने सध्या रवांडा किंवा युगांडा यांचाच विचार करावा.

छायाचित्रणाच्या दृष्टीने दोन्ही जागांचा स्वभाव निराळा आहे. रवांडातल्या व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यानात बांबूची बेटे, हागेनियाची जुनी, शेवाळलेली झाडे आणि मध्ये मध्ये मोकळ्या जागा असल्याने प्रकाश अधिक मिळतो आणि पार्श्वभूमी स्वच्छ राहते. ब्विंडी १,१६० ते २,६०७ मीटर उंचीवर पसरलेले, अंधारे आणि तीव्र उताराचे रान आहे. तिथे पाय ठेवायला सपाट जागा मिळणे मुश्कील आणि चौकटीत पाने न येणे त्याहून मुश्कील. मात्र रवांडाचा परवाना माणशी १,५०० अमेरिकी डॉलरचा आहे आणि युगांडाचा परदेशी पाहुण्यांसाठी ८०० डॉलरचा. म्हणजे रवांडातल्या एका तासाच्या पैशांत युगांडात जवळजवळ दोन दिवस, दोन तास मिळतात. केवळ पाहायला जाणाऱ्याने कोठेही जावे, पण छायाचित्रांसाठी जाणाऱ्याने युगांडाचे दोन परवाने घ्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पहिल्या दिवशीचे निम्मे लक्ष विस्मयातच जाते आणि चुका त्या रात्री संगणकावर पाहून दुसऱ्या दिवशी सुधारता येतात. ब्विंडीच्या रुशागा भागात माणसांना अजून सरावत असलेल्या कुटुंबासोबत चार तास घालवण्याचीही सोय आहे. त्या गटात फक्त चार पाहुणे घेतात, पण तिचे शुल्क बरेच अधिक असते, आणि पूर्ण न सरावलेले गोरिला सतत पुढे सरकत राहिल्याने चार तासांतले पुष्कळसे मागे चालण्यातच जातात.

तिकडचे कोरडे महिने जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी. पहिला काळ आपल्या ऐन पावसाळ्यात येतो, त्यामुळे गोव्यातल्या छायाचित्रकाराचा इकडे रिकामा जाणारा हंगाम तिकडे कामी लावता येतो. पण कोरड्या दिवसांत निरभ्र आकाश असले की रानात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा कर्कश प्रकाश पडतो. ढगाळ दिवसाचा सपाट, मऊ उजेड काळ्या केसांना कितीतरी अधिक मानवतो. म्हणून कोरड्या काळाचे दोन्ही काठ, म्हणजे जूनचा आरंभ किंवा सप्टेंबर, मला अधिक पसंत आहेत. थोडा चिखल तुडवावा लागला तरी चालेल.

पश्चिमेकडचे सखल प्रदेशातले गोरिला, म्हणजे शेजारच्या, वेगळ्या काँगो प्रजासत्ताकातले ओद्झाला किंवा मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातले झांगा-सांगा इथले, हा वेगळाच विषय आहे. तिथल्या दलदलीच्या मोकळ्या कुरणांवर मचाणावरून दूरचे प्राणी टिपायचे तर ५०० मिमीच्या पुढची लेन्स लागते, आणि या लेखातले अंतराचे हिशेब तिथे लागू पडत नाहीत.

कागदपत्रांची बाब

परवाने युगांडात वन्यजीव प्राधिकरणाकडून आणि रवांडात विकास मंडळाकडून दिले जातात, आणि गर्दीच्या महिन्यांसाठी ते काही महिने आधी घ्यावे लागतात. पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. युगांडात जायला पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला लागतो आणि परतताना भारतातही तो मागितला जातो. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, त्यामुळे ती शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नये. मुरगावच्या बंदर आरोग्य कार्यालयाची वाट आपल्याकडच्या तारवट्यांना, म्हणजे जहाजांवरच्या खलाशांना, चांगली ठाऊक असते. लस कोणत्या दिवशी देतात ते आधी विचारून जावे. युगांडा आणि रवांडा दोन्ही करायचे असतील, तर केनियासह तिन्ही देशांना चालणारा पूर्व आफ्रिकेचा पर्यटक व्हिसा १०० डॉलरला मिळतो.

महागडा कॅमेरा व लेन्सा सोबत नेणाऱ्याने देश सोडताना सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात दाखला करून घ्यावा, त्यात प्रत्येक वस्तूचा क्रमांक नोंदवावा, म्हणजे परतताना त्या तिकडे घेतलेल्या नाहीत हे सिद्ध करत बसावे लागत नाही. दाखला घ्यायला वेळ लागतो, म्हणून विमानतळावर लवकर जावे. रवांडात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २००८ पासून बंदी आहे. पावसापासून कॅमेरा वाचवायला आपल्याकडे जी साधी प्लास्टिकची पिशवी सर्रास गुंडाळली जाते ती सामानातून आधीच काढावी आणि कापडी किंवा शिवलेले पावसाळी आवरण न्यावे. ड्रोन घरीच ठेवावा.

सामान

दहा मीटर अंतरावरून पूर्ण फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला २०० मिमी लेन्स लावली तर चौकटीत सुमारे १.८ मीटर रुंदीचा भाग येतो, ७० मिमीला सुमारे ५.१ मीटर आणि ४०० मिमीला सुमारे ९० सेंटिमीटर. मोठ्या नराचा चेहरा व खांदे यांनी चौकट भरायला २०० मिमी पुरेसे आहे, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तर आणखीच. म्हणून एफ/२.८ पर्यंत छिद्र उघडणारी (हा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे) ७०–२०० मिमी ही या कामाची मुख्य लेन्स होय. १००–४०० मिमीची लेन्स असणाऱ्यांनी ती नेऊ नये असे नाही, पण तिचे छिद्र एफ/५.६ पर्यंतच उघडत असल्याने प्रकाश दोन स्टॉप कमी मिळतो, आणि जिथे आयएसओ १६०० पुरला असता तिथे ६४०० लागतो. दुसरा कॅमेरा असेल तर त्यावर २४–७० किंवा २४–१०५ मिमी लावावी. नसेल तर कुटुंब आणि रान एकत्र दाखवणाऱ्या रुंद चौकटींसाठी चांगला मोबाइल पुरतो. रानात लेन्स बदलण्याचा बेत करू नये. नवी लेन्स विकत घेण्याऐवजी भाड्याने घेणे शहाणपणाचे, मात्र ती किमान आठवडाभर आधी हातात यावी आणि तिच्यासह एकदा कुळागरात जाऊन यावे.

ट्रायपॉड उतारावर उघडायला जागा नसते आणि गोरिला हलले की तो ओझे होऊन बसतो. फ्लॅश पूर्णपणे निषिद्ध आहे. फ्लॅश बंद केला तरी अंधारात फोकसला मदत करणारा लहान दिवा पुष्कळदा चालूच राहतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. तो दिवा, फोकसचा ‘बीप’ आवाज आणि मोबाइलचा फ्लॅश या तिन्ही गोष्टी आदल्या रात्री बंद कराव्यात. कॅमेऱ्याला आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर ते वापरावे. ध्रुवीकरण फिल्टर ओल्या पानांची चमक घालवतो हे खरे, पण तो दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो, आणि तेवढी चैन तिथे परवडत नाही.

दमट हवेत काचेवर धरणारी बुरशी आणि बाष्प यांच्याशी गोवेकर दर पावसाळ्यात झुंजतोच, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या आणि कोरडी सुती फडकी घ्यायला त्याला कोणी शिकवायला नको. नवी गोष्ट मास्कची आहे. गोरिलांजवळ मास्क लावावा लागतो, त्यातून वर येणारा श्वास व्ह्यूफाइंडर आणि चष्मा दोन्ही धुकट करतो. नाकावरची तार घट्ट दाबून तिच्यावर वैद्यकीय चिकटपट्टी लावली की हा त्रास पुष्कळ कमी होतो. घरी मास्क लावूनच सराव केलेला बरा.

कपडे गडद, साधे आणि पूर्ण बाह्यांचे असावेत. विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत, कारण तिथे चावऱ्या मुंग्यांच्या रांगा असतात. वाटेत दंश करणारी झुडपे असतात आणि त्यांचा स्पर्श खाजकुयलीसारखी आग करतो. त्यासाठी बागकामाचे जाड हातमोजे उपयोगी, आणि कॅमेरा चालवताना उजव्या हाताचा मोजा काढता यावा.

त्या दिवशी

सकाळी सातच्या सुमारास उद्यानाच्या केंद्रावर सर्व पाहुणे जमतात. रवांडात हे केंद्र किनिगी इथे आहे. एका कुटुंबाकडे दिवसाला जास्तीत जास्त आठ पाहुणे नेले जातात. रवांडात कुटुंब त्याच सकाळी ठरते, तेव्हा आपल्याला छायाचित्रे काढायची आहेत, तर शक्य असल्यास बांबूच्या पट्ट्यात किंवा मोकळ्या जागेत असलेले कुटुंब मिळावे, असे आपल्या चालकामार्फत नम्रपणे आधीच कळवावे. युगांडात परवाना घेतानाच बुहोमा, रुहिजा, रुशागा किंवा न्कुरिंगो यांपैकी भाग ठरवावा लागतो. सर्दी, खोकला किंवा ताप असेल तर जाऊ नये. माणसाचा श्वसनरोग गोरिलांना जडतो आणि एका पाहुण्याचा खोकला अख्ख्या कुटुंबाला भोवू शकतो. परवान्याचे पैसे बुडाले तरी या बाबतीत मन घट्ट करावे.

गोरिला रोज रात्री नवी घरटी करून झोपतात. शोधपथकातली माणसे पहाटेच निघून आदल्या रात्रीच्या घरट्यांपासून माग काढतात आणि वायरलेसवरून वाटाड्याला ठिकाण कळवतात. तिथे पोचायला कधी अर्धा तास लागतो, कधी दुपार उजाडते. स्थानिक हमाल अवश्य घ्यावा, तब्येत ठणठणीत असली तरीही. तो चढावर हात देतो, कॅमेऱ्याची पिशवी कोरडी राखतो, आपले हात थरथरत नाहीत, आणि रानाच्या काठावरच्या घरात रोख मजुरी जाते. गोरिला जवळ आले की पिशव्या, काठ्या आणि खाण्याचे सामान हमालांपाशीच ठेवून पुढे जावे लागते. म्हणून जादा बॅटरी, जादा कार्ड आणि पुसायचे फडके त्याआधीच खिशात असले पाहिजे.

तास सुरू होण्यापूर्वी वाटाडा थांबवतो. त्या दोन मिनिटांत कॅमेऱ्याची मूळ मांडणी करून घ्यावी. रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल, एफ/४, १/२५० सेकंद आणि आयएसओ स्वयंचलित, त्याची कमाल मर्यादा ६४००, ही सुरुवात बहुतेक ठिकाणी चालते. पिल्ले खेळत असतील तर शटर १/५०० वर न्यावे. एफ/२.८ला २०० मिमीवर दहा मीटर अंतरावर फोकसची खोली जेमतेम ४० सेंटिमीटर असते. एका चेहऱ्याला ती पुरते, आई आणि तिच्या पाठीवरचे पिल्लू या दोघांना बहुधा पुरत नाही.

पहिला काळा आकार दिसताच सगळे जण एकदम शटर दाबू लागतात. तसे न करता आधी एकच छायाचित्र काळ्या केसांचे घ्यावे, हिस्टोग्राम पाहावा आणि कॉम्पेन्सेशन ठरवावे. नंतर कॅमेरा खाली घेऊन प्रकाश कोणत्या बाजूने येतो ते पाहावे. डोळे भुवईच्या हाडाखाली असल्यामुळे माथ्यावरून येणाऱ्या उजेडात ते दोन काळे खड्डे होतात. प्राणी मान वर करतो किंवा उजळ फटीकडे वळतो त्या क्षणी डोळ्यांत ठिणगी येते. तो क्षण बहुतेक वेळा एखादा आवाज झाला की, पिल्लू अंगावर चढले की, किंवा वरची पाने ओढण्यासाठी हात उचलला की येतो. म्हणून एक प्राणी निवडून त्याच्यावर कॅमेरा रोखून वाट पाहणे हे इकडून तिकडे धावण्यापेक्षा अधिक फळ देते.

प्रौढ नराच्या पाठीवर साधारण बाराव्या वर्षानंतर रुपेरी केस येतात. ते केस चेहऱ्याहून खूप उजळ असल्याने पाठ आणि चेहरा एका चौकटीत आले, तर प्रकाश चेहऱ्यासाठी ठरवावा आणि पाठीचा जो तुकडा उडेल तो उडू द्यावा. पाठमोऱ्या नरासाठी उलट करावे, कारण तिथे रुपेरी पट्टा हाच विषय असतो. बाजूने पाहिल्यास त्याच्या कवटीवरचा उंच कंगोरा उठून दिसतो, आणि तशी चौकट समोरच्या चेहऱ्याइतकीच बोलकी होते. नाकावरच्या सुरकुत्या प्रत्येक गोरिलाच्या निराळ्या असतात, संशोधक त्यांवरूनच एकेकाला ओळखतात. तेव्हा प्रत्येक प्राण्याचे एक तरी स्पष्ट, समोरून घेतलेले चित्र असावे. हात, पायाचा तळवा, पिल्लाची आईच्या केसांतली मूठ यांसाठीही थोडा वेळ राखावा.

पाने पुढे येणारच. वाटाडे कधी कोयत्याने वाट करतात, पण चित्र स्वच्छ यावे म्हणून फांदी तोडायला त्यांना सांगू नये. गुडघ्यांवर बसून किंवा हातभर बाजूला सरकून बहुतेकदा फट सापडते. चेहऱ्याच्या अगदी जवळ न येणारी पुढची पाने एफ/२.८ला विरघळून हिरवा पडदा होतात आणि चित्राला रानाची खोली देतात, त्यामुळे प्रत्येक पान शत्रू मानायचे कारण नाही. मागे आकाशाची फट दिसत असेल तर मात्र जागा बदलणे आवश्यक, कारण त्या पांढऱ्या भोकाला नंतर काहीही करता येत नाही.

कुटुंब चरत असेल तर सुरुवातीची वीस मिनिटे पाठी आणि पानेच दिसतील. धीर सोडू नये. मध्यान्हीच्या आसपास नर आडवा झाला की इतर त्याच्याभोवती जमतात, पिल्ले त्याच्या पोटावरून घसरतात, छाती बडवून पाहतात आणि एकमेकांना ओढत खाली येतात. या विसाव्याच्या वेळी शटरची गती वाढवावी आणि चौकट थोडी मोकळी ठेवावी, कारण खेळणारे पिल्लू कोणत्या बाजूने बाहेर जाईल हे सांगता येत नाही.

अंतराचा नियम पूर्वी सात मीटरचा होता, कोविडनंतर तो दहा मीटरचा झाला. गोरिलांना हा नियम ठाऊक नसल्याने तेच कधी जवळ येतात. अशा वेळी वाटाडा सांगेल तसे हळूच मागे सरावे, पिल्लू कुतूहलाने आले तरी हात पुढे करू नये, आणि रुंद लेन्सचा कॅमेरा गळ्यात असेल तर तो वापरण्याची वेळ हीच. नर उभा राहून छाती बडवत धावून आला तर पळू नये. वाटाड्याच्या मागे राहून खाली बसावे, नजर जमिनीकडे ठेवावी. बहुतेक वेळा हे धाक दाखवणेच असते. त्या वेळचे चित्र हवेच असेल तर कॅमेरा आधीच डोळ्याला लावलेला असला पाहिजे; नर अंगावर येत असताना तो वर उचलू नये. प्राण्याकडे पाठ करून स्वतःची सेल्फी घेणे वाटाड्यांना मुळीच आवडत नाही, आणि त्यांचे बरोबर आहे. वाटाड्याला बक्षिसी जरूर द्यावी, पण ती तास संपल्यावर, आणि ‘जरा आणखी जवळ न्या’ या अपेक्षेने नव्हे.

आठ जणांच्या गटात पुढे उभा राहणारा एक जण सातांची चित्रे घालवतो. पुढच्यांनी बसावे, मागच्यांनी त्यांच्या डोक्यावरून घ्यावे, आणि पाच-सात मिनिटांनी जागा बदलाव्यात, असे निघण्यापूर्वीच बोलून ठेवले तर सगळ्यांचे भले होते.

परतल्यावर

त्याच रात्री दोन ठिकाणी प्रती कराव्यात. युगांडात ब्रिटिश धर्तीच्या चौकोनी तीन पिनांचा आणि रवांडात युरोपीय गोल पिनांचा प्लग चालतो, तेव्हा दोन्ही अडॅप्टर सोबत असावेत.

संस्करणात पहिले काम रंगाचे. हिरव्या छतामुळे काळ्या केसांवर हिरवी झाक येते, मोकळ्या सावलीत निळी. व्हाइट बॅलन्स चेहऱ्याच्या कातडीवरून जुळवावा, पानांवरून नव्हे. पाने थोडी पिवळसर झाली तरी चालतील. सावल्या उजळवताना हात आखडता घ्यावा, कारण केसांचा पोत दिसला की काम झाले आणि त्यापुढे काळा प्राणी मातकट दिसू लागतो. दाणे कमी करणारी प्रणाली पार्श्वभूमीवर मोकळेपणाने वापरावी, डोळे आणि नाकावर अगदी हलक्या हाताने. कृष्णधवल रूपांतर या विषयाला शोभते, पण ज्या चित्रात हिरवाईमुळेच गोरिला उठून दिसतो तिथे ते केले तर प्राणी रानात बुडतो, हे आधी तपासावे.

चित्र इतरांना दाखवताना कुटुंबाचे नाव, उद्यान, महिना आणि वापरलेली लेन्स लिहावी. कापून मोठे केलेल्या चित्राखाली तसा उल्लेख करावा, नाहीतर छायाचित्रकार दोन हातांच्या अंतरावर उभा होता असा पाहणाऱ्याचा समज होतो आणि पुढच्या खेपेला जाणारा माणूस वाटाड्याकडे तेवढेच अंतर मागतो.